हरळीमुक्त लॉन

५ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. लेकीचा, श्रद्धाचा साखरपुडा ३० नोव्हेंबरला आपल्याच अंगणात, लॉनवर. कर्जतचा हॉल आजच रद्द केला. व्याही पुण्याचे. आमच्या पोशीरसारख्या खेड्यातल्या माणसालाही टेस्ट असते, बघू देत. बायको म्हणाली, आधी लॉन तर उगवू द्या. हिला व्हिजनच नाही.

७ ऑक्टोबर
अंगणभर हरळी. शी! गुरांचं खाणं. शेजारच्या चंद्राबाई म्हणाल्या, कशाला उपटताय भाऊ, चांगली हिरवीगार हाय. त्यांच्या अंगणातही तीच. बिचाऱ्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही.

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
तीन दिवस कुदळ मारतोय. कंबर गेली. मुळी ओढावी तर हातभर येते आणि नेमकी तुटते. निर्लज्ज गवत! उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०
उठलो. विश्रांती हाही प्लॅनिंगचाच भाग. तणनाशक मारलं.

२५ ऑक्टोबर
हरळी मेली. खालापूरहून नर्सरीवाले झहीरभाई जागा बघायला आले. वाळकी काडी हातात घेऊन विचारतात, ही का मारली? पुढे काहीतरी सांगत होते, मी थांबवलं. नर्सरी चालवतात आणि तण कळत नाही! बर्म्युडा लॉनची ऑर्डर दिली. नावातच परदेश आहे.

४ नोव्हेंबर
टेंपोतून लॉनच्या गुंडाळ्या आल्या, अंथरल्या. काय ते रूप! चंद्राबाई आल्या, वाकून एक काडी तोडली आणि म्हणाल्या, ही तर हरळीच हाय भाऊ. डोकंच फिरलं. अडाणी माणसाशी वाद घालायचा नाही. आजपासून नियम.

१५ नोव्हेंबर
जोडांमधून हरळी डोकावतेय! शी शी शी. माझ्या नजरेतून सुटायची नाही. दिसली तिथे तणनाशक मारलं. मग बघता बघता सगळीकडेच दिसायला लागली. अख्खा पंप रिकामा केला. बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर
लॉन जरा पिवळट. बायको घाबरली. तिला समजावलं, परदेशी जात थंडीत सोनेरी होते.

२७ नोव्हेंबर
सोनेरीचं तपकिरी झालं. झहीरभाईंना बोलावलं. त्यांनी लॉनकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, साहेब, बर्म्युडा म्हणजे हरळीच. त्या दिवशी तेच सांगत होतो, तुम्ही बोलूच दिलं नाही. आता तीन दिवसांत काही होणार नाही म्हणे. हॉलला फोन केला. तारीख गेलेली. श्रद्धाने आत जाऊन दार लावून घेतलं. आज पहिल्यांदा हरळीची नाही, स्वतःची किळस आली. पण चूक नर्सरीचीच. पाटी लावायला हवी होती.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६
साखरपुडा झाला. चंद्राबाईंच्या अंगणात. श्रद्धाच परवा जाऊन विचारून आली, मला आज सकाळी कळलं. पाहुणे चपला काढून हरळीवर फिरत होते. श्रद्धा हसत होती, फोटो काढून घेत होती. विहीणबाईंनी चंद्राबाईंना विचारलं, एवढ्या सुंदर लॉनला काय काय करता? त्या म्हणाल्या, काय पण नाय, म्हैस चरती.
व्याह्यांचे मामा पहिल्यांदाच आलेले. कुंपणापाशी उभे राहून पलीकडे बराच वेळ बघत होते. मग मला हळूच विचारलं, ही जळकी जागा कोणाची हो?
म्हटलं, कल्पना नाही.