आठवी मान

अहेरी, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बापूभाऊंच्या पायाशी धाकट्या ज्योत्स्नाचा शि. सा. न.

वि. वि. तुम्ही कोरपन्याला सुखरूप पोचलात हे तुमच्या शेजारच्या लटारूनं फोनवर सांगितलं. तुम्हाला मोबाइलचा तिटकारा, म्हणून या वयात मी पोस्टाची पायरी चढते.

मागच्या रविवारी दिव्यानीची पसंती माझ्या घरी झाली आणि मुलाकडच्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत, यातच मी भरून पावले. तुमची लेक वनरक्षकाच्या भरतीसाठी दोन वर्षं माझ्याकडे राहून पहाटे धावली, निवडलीही गेली. आता राजुऱ्याच्या प्रणितकडचे म्हणतात की जंगलात काठी घेऊन फिरणारी सून नको. तुम्ही चालेल म्हणालात, तिनं मान हलवली, साखर वाटली. मोठ्यांनी ठरवलं ते बरंच असेल.

खरी करमणूक तुम्ही गेल्यावर झाली. पाहणीच्या दिवशी कोपऱ्यात पोहे खात बसलेला तो हॉलंडचा योरिस, ज्याला तुम्ही बगळा म्हणालात, तो अजून इथंच आहे. त्याच्या सायकलचं चाक वाकलं, नवं नागपूरहून येणार. आमच्या ह्यांना दया आली आणि त्यांनी त्याला मागची खोली दिली. हा माणूस सहा देश फिरला, पण आपली मान त्याला कळत नाही. त्यासाठी त्यानं वहीच घातली आहे! तीत सात डोकी काढली आहेत, नाक ना डोळे, नुसते बाण. वरखाली म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही, तिरकी म्हणजे बरं, दोनदा तिरकी म्हणजे म्हणे बघू. परवा स्टँडवर त्यानं कंडक्टरला विचारलं की गाडी सिरोंच्याला जाते का. कंडक्टरनं मान तिरकी केली, हे महाशय चढले आणि एटापल्लीला उतरले. विचारलं तर कंडक्टर म्हणाला की मले वाटलं याले बसाचं आहे.

जेवताना तर विचारू नका. पुरे म्हणून तो मान डोलावतो, मी भात वाढते. चौथ्यांदा वाढल्यावर बिचारा ताटावर पालथा पडायचा राहिला. दिव्यानीला इंग्रजी येतं म्हणून निभावतं. एवढं शिकून माणूस मानेपाशी अडतो, याला काय म्हणावं?

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ज्योत्स्ना


कोरपना, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिला बापूरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वहिनी इतकी हसली की वेचणीला आलेल्या बाया विचारू लागल्या, काऊन हसून राह्यल्या. त्या बगळ्याला सांग, आमच्याकडे रांगतं पोरही मान ओळखतं, त्याला वही लागत नाही. मी तर खरेदीवाल्यानं कापसात हात घालायच्या आत, नुसती त्याची मान बघून सांगतो की हा माल ओला म्हणणार. छप्पन्न पावसाळे काय उगाच पाहिले? तुझे धनराजराव भोळे, कुणालाही घरात घेतात. उद्या अस्वल दारात आलं तर त्यालाही चहा विचारतील.

आता कामाचं. लग्न माघात धरलं आहे. दिव्यानीला हजर व्हायची मुदत पाच डिसेंबरची आहे. त्याआधी नोकरी नको असा अर्ज तिच्याकडून लिहून घे आणि कचेरीत देऊन ये. ती कुरकुरली तर ध्यानात आणून दे की पंधरा माणसांत तिनं होकार दिला आहे. मी समोर बसलो होतो, तिची मान माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. बापाला लेकीची मान कळत नसेल तर मग कुणाला कळणार?

तब्येतीला जप. आमच्यावर जीव आहे तसा राहू दे.

तुझा,
बापूभाऊ


अहेरी, २१ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बापूभाऊंना ज्योत्स्नाचा नमस्कार.

अर्ज दिलेला नाही. का ते वाचा, आणि वाचून होईपर्यंत चष्मा आपटू नका.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी योरिस वही घेऊन स्वयंपाकघरात आला. आठवं डोकं दाखवायला. त्या डोक्याचा अर्थ त्याला हवा होता, आणि त्याचं विचारणं मला मराठीत सांगायचं काम नेहमीप्रमाणे दिव्यानीचं. डोकं तिचंच होतं, भाऊ, पसंतीच्या दिवशीचं. तिनं सांगायला सुरुवात केली की आत्या, हा विचारून राह्यला, या मानेचा मतलब का आहे, आधी बाण डावीकडं जाते, मग खाली काऊन जाते. तिथंच तिनं त्या डोक्यावर तळहात ठेवून ते झाकलं. तो बावळट एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि हळूच वही मिटून निघून गेला.

मग ती रडली आणि बोलली. ती मान आडवीच निघाली होती. डावीकडे गेली, तेवढ्यात तिला तुम्ही दिसलात, हातात साखरेची वाटी आधीच घेतलेले. मग मान आपोआप खाली गेली. आपण पंधराजणांनी खाली गेलेली तेवढी पाहिली. तिला ही नोकरी हवी आहे आणि हे लग्न नको आहे. पोरीनं चार माणसांत तोंड उघडायचं नाही, मानेनं सांगायचं, ही आपलीच रीत, आणि ती मानही आपण पुरती पाहत नाही. ज्याला मी ठोंब्या म्हणून हसत होते त्यानं ती पुरती पाहिली. मला माझीच लाज वाटली.

आणि भाऊ, तुमच्या डोळ्यांचं एवढं कौतुक सांगू नका. १९९९ साली हे मला पाहायला आले, तेव्हाही तुम्हीच समोर होतात. पंख्याच्या वाऱ्यानं माझा पदर सरकत होता, तो सावरताना माझी मान खाली गेली. तुम्ही मोठ्यानं म्हणालात की बाई हो म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं. हे चांगले निघाले हे माझं नशीब, तुमची हुशारी नव्हे.

रागवा हवं तर, पण परकं करू नका.

ज्योत्स्ना


कोरपना, २८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्नाला आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर रागावलो, तिसऱ्या दिवशी स्वतःवर. वहिनी म्हणाली की तुमाले कापसातलं पाणी दिसते, पोरीच्या डोळ्यातलं दिसत नाई. सव्वीस वर्षांत ती मला एवढं लागेल असं बोलली नव्हती.

काल लटारूचा फोन मागून घेतला आणि दिव्यानीला विचारलं की लग्न करायचं आहे का. ती लगेच म्हणाली की नाई बाबा. अडखळली नाही, थांबली नाही. म्हणजे पोर इतके दिवस ते तोंडातच धरून बसली होती, आणि मी लग्नाच्या याद्या करत होतो. पाच तारखेला तिला हजर होऊ दे. मी येतो तिला सोडायला, काठी मीच घेऊन देईन.

राजुऱ्याला जाऊन नकार सांगून आलो. प्रणितचा बाप म्हणाला की सगळ्यांसमोर पोरीनं मान हलवली होती. मी म्हटलं की हलवली होती, पाहणारा आंधळा होता. तो फार बोलला. ऐकून घेतलं.

आता तुझं. आपले बाबा गेल्यावर तुझं सगळं मीच ठरवलं आणि ते चांगलं झालं म्हणून मिरवलं. पदराचं वाचल्यापासून झोप नाही. ज्योत्स्ना, तुला धनराजराव पसंत होते का? विचारायला सव्वीस वर्षं उशीर झाला आहे. तरी लिही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही.

तुझा,
बापूभाऊ