पाठीमागचा मृदंग

दिवा, २२ जानेवारी १९८९

तीर्थरूप आबांना दामाजीचा नमस्कार.

पायातला घुंगरांचा चाळ सोडवता सोडवता लिहितो आहे. घामाने गाठ घट्ट बसली आहे. आम्ही बरे आहोत. पाणी दिवसाआड येतं, पण पुरतं. आईचा गुडघा कसा आहे?

आज नौपाड्यातल्या एका कार्यक्रमात आपल्या गावकऱ्यांचा जाखडी नाच झाला. लोक पुष्कळ होते. संयोजक म्हणाले, "गोल करू नका, प्रेक्षकांना पाठ दिसते. ओळीत उभे राहा." मी हो म्हटलं. पुन्हा बोलावणं यावं, एवढंच मनात होतं.

गोलाच्या मध्ये बसणारे भिवाजीकाका मग आमच्या पाठीमागे गेले. त्यांचा मृदंगावरचा हात कुणालाच दिसेना. दुसऱ्या कडव्याला पाय चुकले आणि मृदंग थांबला.

"काका, वाजवा की!" मी मान वळवून म्हटलं.

"कुणासाठी रे? सगळे माझ्याकडं पाठ करून उभे. नाचताय की लग्नातला फोटो काढताय?"

लोक हसले. त्यांना तो नाचाचाच भाग वाटला. टाळ्याही पडल्या.

काकांशिवाय इथे मृदंग कुणाला येत नाही. ते नसतील तर नाच बंद. येताना गाडीत ते मृदंग मांडीवर घेऊन वेगळ्या बाकावर बसले. मीही दमलो होतो, बसल्या जागी झोपलो. तुम्ही काळजी करू नका, उद्या त्यांची समजूत काढतो.

आईला सांभाळा.

तुमचा
दामाजी

ता. क. सोमवार. सकाळी काका मृदंग घेऊन गावच्या एसटीत बसले आहेत. पत्र त्यांच्याच हाती देतो.