मिरचीचं घमेलं

दौंड, ३ जून १९९६

चि. सौ. जाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. पण पोरी, आता तोंड आवर. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले आणि आठवड्यात सगळं गेलं. दृष्ट लागायला वेळ लागत नाही. तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगू नकोस, जावईबापूंनासुद्धा. दर महिन्यासारखी चार दिवस बाजूला बस, म्हणजे सासूबाईंना शंका येणार नाही.

सासूबाईंच्या मिरचीचा ठेचा पोचला. तुझे आप्पा एका घासावर दोन तांबे पाणी प्यायले आणि वर म्हणाले की काही तिखट नाही. यंदाचं बी टाकलं का ते कळव. हे पत्र चुलीत घाल.

आशीर्वाद पाठीशी आहेत, जिवाला जप.
तुझी आई, भागुबाई

मांडवगण फराटा, २६ जून १९९६

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

ही मिरची सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेली, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. गेल्या साली झाडं रोगानं गेली, ठेच्यापुरत्या वाळल्या मिरच्या आणि मूठभर बी उरलं. त्यातलं चिमूटभर ठेवून बाकीचं त्यांनी जुन्या घमेल्यात टाकलं. बी वाहून जाऊ नये म्हणून घमेल्याची भोकं डांबरानं बुजवली, वर ओलं पोतं घातलं. उगवलं तेव्हा शेजारच्या बायांना बोलावून दाखवत होत्या, जसं काही बारसंच आहे. मला मनातल्या मनात हसू आलं.

त्याच सुमारास तू सांगितलेले चार दिवस मी पडवीत बसले. तिसऱ्या दिवशी सासूबाई शिरूरच्या बाजाराला गेल्या. रोपांनी माना टाकल्या होत्या. मला राहवलं नाही, तांब्याभर पाणी घातलं. शेजारच्या शेवंताबाईंनी ते पाहिलं आणि सासूबाईंच्या कानावर घातलं. दोन दिवसांत सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. सासूबाई घमेल्यापाशी बसून रडल्या. म्हणाल्या की विटाळाच्या हातानं माझ्या आईचं बी गेलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. हे कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला सणसवाडीहून आले, तर माझ्या हातचं जेवले नाहीत. मला विटाळ नव्हताच, एवढंच सांगायचं आहे आणि तेच सांगता येत नाही. काय करू?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
जाई

दौंड, ४ जुलै १९९६

चि. सौ. जाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजच हातात पडलं. रोपं तुझ्या हातानं गेली नाहीत गं. भोकं बुजवल्यावर पाणी जाणार कुठं? मी डालड्याच्या डब्यात मिरची लावते तर आधी खिळ्यानं बुडाची चाळणी करते. उरलेलं बी तसं टाका.

पण ते राहू दे. दृष्टीला भिऊन तुला खोटं बसायला लावलं, ही चूक माझी. पत्र मिळाल्याबरोबर सासूबाईंना सगळं सांग. रागावल्या तर माझं नाव पुढे कर. नातवंडाचं कळलं की राग टिकायचा नाही. भरलेली घागर उचलू नकोस.

काळजी करणारी,
तुझी आई

मांडवगण फराटा, २४ जुलै १९९६

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. आदल्या दिवशीच सगळं गेलं होतं. न्हाणीत कळलं. तशीच पडवीत जाऊन बसले. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांना महिन्याचंच वाटलं. सासूबाईंनी दुरूनच ओव्याचं पाणी सरकवलं, तेवढं मात्र केलं.

आता काय सांगू? पोटात होतं तेव्हा बोलले नाही. आता बोलले तर म्हणतील, रोपांचा दोष झाकायला बोलते. तुला बोल लावत नाही, आई. पण रडायला या घरात जागा नाही.

घमेल्याचं तेवढं सांगितलं. सासूबाईंनी भोकं मोकळी केली, चिमूटभर राहिलेलं बी टाकलं. परवा उगवलं. सोळा रोपं आहेत म्हणतात, मी बघायला गेले नाही. काल महिन्याभरानं त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या की या खेपेला तुझा हात लागला न्हाई, म्हणून जगलं. मी व्हय म्हटलं.

आप्पांना नमस्कार, त्यांना यातलं काही सांगू नकोस. माया कमी करू नकोस. आणि हे पत्र आता तू चुलीत घाल.

तुझी,
जाई