मोडेम उत्तम चालतो

अहो,

"हा मोडेम आपल्या कॉम्प्युटरमधल्या फुकटच्या सिस्टीमला चालत नाही," असं महिनाभर तोंड वर करून सांगत होतात ना? आज मीच कॉम्प्युटर लावला. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं, तर कनेक्शन तयार! सिमची कंपनी निवडलेली, पिन भरलेला, सगळं तुमच्याच हातचं. फक्त 'मोबाईल ब्रॉडबँड चालू' याच्यापुढची टिक काढून ठेवलेली. मी ती केली आणि मोडेमचा दिवा लागला.

मला काय दूधखुळी समजलात? लेकीच्या लग्नावरचा राग अजून जात नसेल तर तसं सांगायचं. मोडेमच्या नावावर बिल कशाला फाडलंत?

मी तिच्याशी पोटभर बोलले. नातीला पाहिलं. चिडली की नाक थेट तुमच्यासारखं फुगवते.

लेक सहा वाजता पुन्हा कॉल लावणार आहे. मी मुद्दाम ताईकडे चाललेय, जेवायच्या वेळेपर्यंत येणार नाही. कॉम्प्युटर चालू ठेवलाय. टिक काढायची तर खुशाल काढा. पण मोडेम उत्तम चालतो, हे तिला मी सांगून ठेवलंय.