आधी पाणी मागायचं

माय, तुझी नात सध्या आफ्रिकेत आहे, आणि तिला जा म्हणणारी मीच. पण ते चुकून म्हटलं. होळी नुकतीच झाली होती. मी एका हातानं पोळ्या लाटत होते, कुकर शिट्ट्या मारत होता. विजय नगरात शिकायला राहणाऱ्या पोरापोरींचे डबे करते मी आता, तू गेल्यावर सुरू केलं ते, आणि सकाळी अकराच्या आत मला देव जरी भेटायला आला तरी मी थांब म्हणेन. नेमका तेव्हाच हिचा फोन. ही बाहेरगावी शिकते, लोकांच्या तब्येतीचं मोठं शिक्षण, त्याचं नाव मला येत नाही. म्हणाली, "मम्मी, गर्मी में दो महीने की इंटर्नशिप मिल गई, मलावी जाना है." मी ऐकलं मालवा. मला वाटलं इंदूर-उज्जैनकडे चालली. म्हटलं, "जा न मग. मालव्यातल्या रात्री थंड असतात, या भट्टीतून तर सुटशील. येताना शेव आणजो." तिकडे रडणंच सुरू. "मम्मी, तू इतनी जल्दी मान गई!" मी मनात म्हटलं, इंदूरला जायला कोणी रडते का. नळावरच्या चार बायांना सांगूनही टाकलं, पोरगी मालव्यात चालली म्हणून.

पुढे ती घरी आली ती पासपोर्ट घेऊनच, आणि दंडावर पिवळ्या तापाची सुई टोचून. मी म्हटलं, मालव्यात पिवळा ताप कधीपासून आला? तिनं मोबाईलवर नकाशा काढला, बोटानं सरकवत सरकवत समुद्र ओलांडला, तरी सरकवतच राहिली. मी जे भांडले माय, मदन महलच्या स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल. आपल्या घरात कोणी विमान जवळून पाहिलं नाही आणि ही एकटी समुद्रापार जाणार, तिथं दारोदार फिरणार. ती शांतपणे बॅग भरत राहिली आणि म्हणाली, "तू हाँ बोल चुकी है. तूच तर सांगते, नानी बोललेलं पलटायची नाही." या हिंदी मुलखात वाढलेली, मराठी तिला समजते सगळी, बोलते मोडकी, पण माझ्यावर उलटवायची असली की बरोबर सापडते. तुझं नाव मध्ये आणलं.

ती गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओवर फोन आला. इथं कूलरसमोर बसूनही जीव जाऊन राहिला होता, आणि तिच्या अंगात स्वेटर. तिकडे थंडी असते म्हणे या दिवसांत. जगाचं उलटंच काहीतरी. डोळे सुजलेले. म्हणाली, "मम्मी, मैं वापस आ रही हूँ. मुझसे नहीं होता." तिचं काम असं: गावागावात ज्या घरच्या लेकरांची लस राहून गेली त्या घरी जायचं, काहून राहिली ते विचारायचं, कागदावर लिहायचं, आणि जमलं तर लस घ्यायला तयार करायचं. तिथली एक पोरगी सोबत असते, हिचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगते. पण दारं उघडतच नव्हती. उघडली तर बाया हो-हो म्हणून लगेच लावून घेत. जिच्या हाताखाली ही काम करते ती मोठी मॅडम म्हणाली होती, आणखी एक आठवडा बघू, नाहीतर तू ऑफिसात बसून कागद लाव. हे तिला लागलं. मला काय, मी म्हटलं, "ये मग, तिकीट काढ." माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण तिचा चेहरा पाहून विचारलं, "दारात जाऊन पहिलं काय म्हणते तू?" म्हणाली, "फॉर्म में पहला सवाल यही है, बच्चे को टीका क्यों नहीं लगवाया." मी कपाळावर हात मारला. "म्हणजे काहून! अगं मूर्ख, दुसऱ्याच्या दारात उभं राहून पहिला शब्द काहून?"

आणि माय, तू समोर आलीस. खांद्यावर निळा डबा, डब्यात बर्फ, बर्फात पोलिओची दवा. बाकी दिवस तू दवाखान्यातली आया, फरशी पुसणारी, बाळंतिणीचे कपडे धुणारी. पण घरोघरी दवा पाजायचे ते दोन-तीन दिवस आले की गोहलपुराच्या गल्ल्यांतून अशी चालायचीस जसा दवाखाना तूच बांधला. तुला लिहिता येत नव्हतं म्हणून मी सोबत. चौथी शिकलेली, वीस वर्षांची, लग्न जमत नसलेली, चिडकी. घरातल्या सगळ्या लेकरांना दवा पाजली की दाराशेजारी खडूनं इंग्रजी पी लिहायचा, एखादं राहिलं तर फुली. पी तुला कळायचा नाही, तू त्याला पळी म्हणायचीस. "मार पळी." "इथं फुली." दार वाजलं की लोक आधीच वैतागलेले. एक म्हणे बाळाला ताप आहे, एक म्हणे घरात मोठं कोणी नाही. तू दवेचं नावच काढायची नाहीस. "बाई, ज़रा पानी पिला दो," म्हणायचीस आणि पायरीवर टेकायचीस. प्रत्येक घरी. मी म्हणायची, माय, पोट आहे का टाकी? तर तू म्हणालीस, "काहून विचारलं की माणूस कारण शोधते. पाणी मागलं की गिलास शोधते. तेवढ्या वेळात दार उघडं राहते."

हे मी पोरीला सांगितलं. ती डोळे पुसून ऐकत होती. मग म्हणाली, "मम्मी, पण इथलं पाणी प्यायचं नाही. सख़्त मना है, सबसे पहले यही सिखाया." घ्या. लोकांच्या तब्येतीचं शिक्षण, आणि लोकांच्या घरचं पाणी चालत नाही. मी म्हटलं, "पिऊ नको मग. हात धुवायला माग. दिवसभर धुळीत फिरते, हात तर मळतातच न?" तिनं विचारलं, "नानी को सब लोग पानी देते थे?" मी म्हटलं, "हो. सगळे." आणि डबे बाकी आहेत म्हणून फोन ठेवला. डबे केव्हाच गेले होते.

सगळे देत होते, पण गिलासात सगळे देत नव्हते. काहीजण आपण कुठल्या वस्तीतले, कुठल्या जातीचे ते चेहऱ्यावरूनच ओळखायचे. गोहलपुराच्या पलीकडच्या गल्लीतलं ते घर तुला आठवत असेल, हिरव्या दाराचं. तू पाणी मागितलं. म्हातारी लोटा घेऊन आली आणि उंबऱ्यावरूनच म्हणाली, "हाथ करो." तू ओंजळ तोंडाशी धरली. ती वरून ओतत राहिली, हातभर उंचावरून, आणि तू घटाघट प्यायलीस, जसं काही झालंच नाही. तिच्या मागे तिची लेक बाळंतपणाला आलेली, कडेवर बाळ. माझ्या डोक्यात भडका उठला. मी म्हटलं, "वरून काहून ओतता? घर में गिलास नहीं है क्या?" धाडकन दार लागलं. बाळ आत, दवा बाहेर. मी रागारागानं भिंतीवर पळी मारली आणि म्हटलं, चल माय, मरू दे यांना. तू पदराच्या टोकानं ती पुसली. एवढी एकदाच रागावलीस आयुष्यात माझ्यावर, तेही हळू आवाजात. "तुहा मान मोठा का त्या लेकराचे पाय? फुली मार. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला न सांगता एकटीच गेलीस. संध्याकाळी माझ्या हातात खडू दिला, म्हणालीस, चल, पळी मारायची आहे. तिथं तू काय केलंस, काय ऐकून घेतलंस, सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. मला माहीत होतं न, पुन्हा ओंजळच धरली असणार.

आता आजचं सांगते. पोरगी परत आली नाही. आठ-दहा दिवस फोन नाही, नुसते दोन शब्दांचे निरोप, "ठीक हूँ, काम चालू." सकाळी तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. मातीचं अंगण, कोंबड्या. आपली पोरगी खाली चटईवर बसलेली, हात पुढे केलेले. एक बाई, माझ्याच वयाची, पाण्याचा जग घेऊन आली आणि वरून ओतायला लागली. माय, मी लाटणं बाजूला ठेवलं. तीच धार. तेवढ्याच उंचावरून. मी तिथल्या तिथं फोन लावला, उचलल्या उचलल्या ओरडले, "वरून काहून ओतते ती? कोण समजते ती स्वतःला? ऊठ तिथून!" पोरगी घाबरली. "अरे मम्मी, क्या हुआ? यहाँ मेहमान के हाथ ऐसे ही धुलाते हैं. इज़्ज़त है ये. नीट बघ, घुटने टेकके बैठी है वो." मी पुन्हा पाहिलं. खरंच, त्या बाईचे दोन्ही गुडघे मातीत टेकलेले होते. धार माझ्या पोरीच्या हातावर, खाली परात धरलेली, की थेंब तिच्या कपड्यांवर उडू नये. माझ्या डोळ्यांना तेवढी धारच दिसली होती. पाणी तेच माय. ओतणारी कुठं उभी आहे त्यावर सगळं.

पोरगी सांगत राहिली. हात धुवायला पाणी मागितलं की बाया हसतात, बसवतात, मक्याच्या पिठाचा गरम गोळा खाऊ घातल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि लस काहून राहिली ते न विचारताच सांगतात. दवाखाना लांब, तिथली बाई तुसडी, नवऱ्याची परवानगी नाही. या बाईच्या दोन्ही लेकरांना उद्या लस. मॅडमनं ऑफिसाचं नाव परत काढलं नाही. "और पता है मम्मी, इन्होंने पूछा, हे कोणी शिकवलं तुला. मैंने कहा, मेरी नानी ने. अस्पताल में आया थीं, मेरी नानी." असं म्हणाली, छाती पुढे काढून. तू गेलीस तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते.

मला पुढं ऐकवलं नाही. म्हटलं, पोळी जळून राहिली.

हिरव्या दारातली ती लेक, बाळ घेऊन उभी असलेली, तिला मी ओळखलं होतं माय. चौथीत माझ्याच बाकावर बसायची. तिनंही ओळखलं. तू पीत असताना तिनं मला हळूच विचारलं, "ये तेरी मम्मी हैं?" आणि मी म्हणाले, "नहीं. दवाखाने की आया हैं." गिलासाचं मी त्यानंतर ओरडले. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की मी तुझ्यासाठी भांडले. मी भांडले ते माझं थोबाड लपवायला. तुझं डोकं खाली होतं, पाणी कोपरांपर्यंत ओघळत होतं, तू ऐकलं की नाही मला कधी कळलं नाही. ऐकलं असशील तरी दुसऱ्या दिवशी खडू माझ्याच हातात दिलास.

पोरगी पुढच्या महिन्यात येते. शेव मिळत नाही म्हणाली तिथं. ती आली की दारातच बसवून तिच्या हातावर पाणी ओतणार आहे मी, गुडघे दुखले तरी टेकून. काहून म्हणून विचारेल. सांगेन की नाही, मला माहीत नाही. हा कागद तिच्या जुन्या वहीतला, घडी करून पिठाच्या डब्याखाली सारते. तुला वाचता आलं असतं माय, तर हे मी लिहिलं नसतं.