जुन्या पॅन्टचा फोटो

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि., कान पकडून.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. याआधी पत्र लिहिलं ते शाळेत, मार्कांसाठी, आणि त्यातही मार्क पडले नव्हते. तेव्हा अक्षराला हसू नकोस. आईकडून तुला कळलंच आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मी वजनाचं ऑपरेशन करून घेतोय. पोटातली पिशवी बरीचशी कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

तुझं म्हणणं आईने शब्दाला शब्द सांगितलं, की म्हणजे शेवटी काकाच जिंकले. ताई, मी काय विसरलोय का? त्यांच्या दुकानातला पोती तोलायचा काटा, त्यावर आपल्या दोघांना बसवलं, गिऱ्हाइकांसमोर आकडा मोठ्याने वाचला, आणि तू मोठं पिंप नि मी धाकटं पिंप झालो ते कायमचे. तू उतरलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, आता तुम्ही बसा काका. ते बसले नाहीत. घरी येताना आपलं ठरलं, की यापुढे दुसऱ्याच्या सांगण्यावरून काट्यावर चढायचं नाही. मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून चढलेलो नाही.

झालं असं. गोदामात माल उचलायची गाडी चालवताना मी झोपलो. भर दुपारी. डुलकी नव्हे, गाढ झोप. गाडी रॅकला घासली आणि वरचं खोकं सुटून खाली पिवळ्या पट्ट्यावर आदळलं, जिथून माणसं चालतात तिथे. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं एवढंच. मुकादमाने मला कामावरून नाही काढलं, गाडीवरून काढलं. आता झाडू मारतो. माझ्या खोलीत एक वेल्डर राहतो, तो म्हणाला, तू झोपेत मरतोस आणि परत येतोस. मी त्याला वेड्यात काढलं, तर त्याने माझं घोरणं फोनवर धरून ऐकवलं. आधी करवत चालल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. अजून काहीच नाही. मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास. ताई, माझ्या पोटाची मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. मी त्या मधल्या शांततेला घाबरलोय. डॉक्टरबाई म्हणाल्या, गळ्याभोवतीच्या चरबीने श्वास अडतो. साखरही वाढलीय. आणि मला माझी गाडी परत पाहिजे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक गंमत आहे. बरे झालेले लोक आपापल्या जुन्या पॅन्ट घालून, कंबर हाताने ताणून उभे, असे फोटो भिंतभर लावलेत. एक बाई तर दोन्ही पाय पॅन्टच्या एकाच पायात घालून उभी. मी सिस्टरांना सांगून ठेवलं, माझी जागा धरा, माझी पॅन्ट या सगळ्यांच्या वरचढ आहे.

सोबत घरचं माणूस लागतं. येशील का?

बाकी ठीक. आता सगळंच कमी होणार आहे, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझा,
धाकटं पिंप

*

दि. १७ जानेवारी

चि. धाकट्या पिंपास,
अनेक आशीर्वाद. राग वेगळा, तो पुढे आहे.

मी येणार नाही. शिवणाचं दुकान बंद ठेवता येत नाही असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुला चाकाच्या खाटेवरून आत नेताना मला बघवणार नाही. आणि दुसरंही कारण आहे. आपण दोघं रस्त्याने निघालो की लोक बाजूला व्हायचे आणि आपण मुद्दाम अजून हात पसरून चालायचो, आठवतं? मला कधी काही वाटलं नाही, कारण शेजारी तू होतास. आता मला एकटीने हात पसरायचे आहेत. हे तू विचारात घेतलं नाहीस. घ्यायला पाहिजे होतंस असंही नाही. श्वासाचं वाचलं आणि कात्री खाली ठेवून बसले होते. तरी राग येतो, त्याला मी काय करू?

आणि ती पॅन्ट. ती मी हसायला शिवली नव्हती. तुला नोकरीसाठी भेटायला बोलावलं होतं आणि बाजारात एकाही दुकानात तुझ्या मापाचं काही मिळालं नाही. एका दुकानदाराने तर तंबूवाल्याकडे जा म्हणून सांगितलं. मी जाड कापड आणलं, मांडीच्या आतून दुहेरी शिवण मारली, खाली बसताना उसवू नये म्हणून आसनाला आतून तुकडा लावला. त्या पॅन्टमध्ये तू कसा दिसत होतास माहितीये? साहेबासारखा. ती ताणून धरून दात काढणार असशील तर तुझी हौस.

माझ्या दुकानात मी कुणाच्या मापाचा आकडा मोठ्याने उच्चारत नाही. कागदावर लिहिते आणि कागद दुमडते. ते का, हे तुला सांगायला नको. त्यासाठीच बायका लांबून येतात.

सोबत पायजमा पाठवते आहे. पुढून बांधायचा, नाडी पोटाच्या खाली येते, जखमांना लागणार नाही. याचा अर्थ मला पटलंय असा काढू नकोस. पत्र खिशात ठेवलंय, धुवायला टाकण्याआधी काढ.

आईला रोज फोन कर. माझा राग आहे तिथेच राहू दे, त्याला समजावायला जाऊ नकोस.

तुझी,
मोठं पिंप

*

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळी. दोन आठवडे नुसत्या पातळ सूपवर आणि पावडरच्या दुधावर आहे, काळीज छोटं व्हावं म्हणून. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, काळीज छोटं करून माणूस घाबरट होईल, तर त्या म्हणाल्या, ते नव्हे, यकृत. बिडी सुटली. वेल्डर माझ्यासमोर जेवत नाही, जिन्यात जाऊन जेवतो, आणि वास तर येतोच.

ऑपरेशनआधी मनाची तयारी तपासतात त्या बाईंनी समोर बसवून विचारलं, हे कुणासाठी करताय? मी म्हणालो, गाडीसाठी. त्यांनी परत विचारलं. मी म्हणालो, बाई, मी कुणाला सुंदर दिसायला आलेलो नाही, मला झोपून उठायचंय. त्यांनी लिहून घेतलं. गोदामातले म्हणतात, हा आळशाचा रस्ता आहे, तोंड बंद ठेवलं असतं तर झालं असतं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही दोन आठवडे सूपवर राहून खोकी उचला, मग बोलू.

घरच्या माणसाची सही वेल्डर करतोय. नातं काय लिहू म्हणाला, मी म्हणालो, भाऊ लिही.

पायजमा घातलाय. बरोबर बसला. न मापता कसा शिवलास?

घाबरलोय. हे आईला वाचून दाखवू नकोस. काही झालंच तर राग सोडून दे, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटं पिंप

*

दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू फोनवर हूं म्हणालीस, पुढे काही बोलली नाहीस, तरी तो हूं मला पुरला.

पोटावर पाच भोकं आहेत, पेनाच्या टोपणाएवढी. त्याच संध्याकाळी उठवून चालायला लावलं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, आत हवा भरलेली असते ती तिथे जाऊन बसते म्हणे. मी सिस्टरांना म्हणालो, भाडं न देता राहतेय ती. त्या हसल्या, मग मीही हसलो, आणि मग कळलं की हसायचं नाही.

सुरुवातीला पाणीसुद्धा घोट घोट. आता अंडं, मऊ काहीतरी, बारीक चावून. जेवताना पाणी नाही. परवा चूक केली. मुकादम भेटायला आला होता, त्याच्याशी बोलण्याच्या नादात उकडलेलं अंडं दोन घासात गिळलं, आपल्या जुन्या पद्धतीने. ताई, छातीत असं अडकलं की वाटलं, आता संपलं. घाम, लाळ, मग मोरीवर ओणवा. मुकादम पाठ चोळत उभा. वर म्हणतो, अंड्याने पाडलं होय तुला? गोदामात सगळ्यांना सांगितलं त्याने.

कधीकधी रडू येतं. भूक नाही लागत, पण खायची आठवण येते. पावाची कड. तुला माहितीये मी कड तुझ्याही ताटातली उचलायचो.

पण झोपतो, ताई. आवाज नाही म्हणून वेल्डर दचकून उठतो आणि माझ्या नाकाखाली हात धरतो. आता त्याची झोप गेलीय.

आता सही काय करू ते कळव. तोपर्यंत जुनीच.

तुझा,
धाकटं पिंप

*

दि. १० मे

चि. धाकट्या पिंपास,
अ. आ. सही बदलायची नाही. ती आपली आहे, काट्यावर अवलंबून नाही.

तुला गाडी परत मिळाली हे आईकडून ऐकून मी कामवालीला चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

आता इकडचं ऐक. आईने तुझा नवा फोटो काकांना दाखवला. तेव्हापासून ते रोज दुकानाच्या दारात येऊन उभे राहतात. म्हणतात, भाऊ माणसात आला, आता तुझा नंबर. गिऱ्हाइकांदेखत. परवा एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली होती, ती हे ऐकून उठून गेली. दवाखान्यात काढतील तो तुझा जुन्या पॅन्टमधला फोटो त्यांना पाहिजे, आपल्या दुकानात काट्याच्या वर लावायला. म्हणजे पोरं शिकतील म्हणे. आईसुद्धा हळूच म्हणाली, विचार कर ना. पोट तुझं कापलं आणि टाके मला घालतायत सगळे.

मी नाही करणार. मी तपासून आलेय, साखर ठीक आहे, दिवसभर टेबलापाशी उभी राहते आणि दमत नाही. उद्या गरज पडली तर माझं मी ठरवेन, तुझं तू ठरवलंस तसं. पण दारात उभं राहून कुणी सांगितलं म्हणून नाही.

तुला दोष देत नाही. पण फोटो पाठवायचा की नाही ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही. हे शेवटचं वाक्य खोटं आहे.

तुझी,
मोठं पिंप

*

दि. २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि गोदामाच्या मागे जाऊन रिकाम्या पेटाऱ्याला लाथ मारली. पाय सुजलाय. काकांना फोन केला. त्यांना वाटलं, आभार मानायला केला. मी म्हणालो, तुमच्यामुळे मी बारीक झालो असतो तर लहानपणीच झालो असतो, तुमची मेहनत काय कमी होती? आणि ताईच्या दारात परत उभे राहिलात तर मी रजा टाकून येईन आणि तुमच्या काट्यावर बसून राहीन, उठणार नाही. त्यांनी फोन ठेवला.

मी माणसात आधीपासून होतो, ताई. केस गळतायत, कातडं पोटावर रिकाम्या पिशवीसारखं लोंबतंय, तेव्हा सुंदर झालो असंही समजू नकोस. मला श्वास मिळाला, मी त्यावर खूश आहे. बास.

ती पॅन्ट पार्सलने पाठवतोय. दवाखान्यातून फोटोसाठी दोनदा फोन आला. मी ती ताणून उभा राहणार नाही. आधी हसलो होतो, तेव्हा तिच्या आतली शिवण कधी उलटून बघितली नव्हती. काल बघितली. तिचं काय करायचं ते तू कर.

माझं नवं माप मागू नकोस. पायजम्याच्या वेळी मागितलं नव्हतंस.

तुझा,
धाकटं पिंप

*

दि. ३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल फोडलं आणि आधी ओळखलीच नाही. मग आतून उलटून बघितली. तीच दुहेरी शिवण, तोच आसनाचा तुकडा, फक्त छोटा. खिशातली चिठ्ठी वाचली. उरलेल्या कापडाचे तू तुझ्या ड्रेसला दोन खिसे लावलेस हे झकास केलंस. वेल्डरने पॅन्ट हातात घेऊन सांधा बघतात तशी बघितली आणि म्हणाला, जोड कुठे आहे ते दिसत नाही.

तीच घालून दवाखान्यात गेलो. फोटोवाला तयार उभा. सिस्टर म्हणाल्या, जुनी पॅन्ट आणायला सांगितली होती ना? मी म्हणालो, हीच ती. त्यांना वाटलं, मस्करी करतोय. मी खिसा उलटा करून शिवण दाखवली, माझ्या बहिणीने शिवली आणि बहिणीनेच उसवून परत शिवली, म्हणालो. फोटोवाला म्हणाला, पण मग फोटोत फरक कुठे दिसणार, माणूस नुसता उभा आहे. मी म्हणालो, नुसता उभाच काढा. हात खिशात घालून उभा राहिलो. सिस्टरांनी पुढे येऊन माझी कॉलर सारखी केली.

भिंतीवर लावलाय. एक प्रत तुला. काकांना देऊ नकोस, पण बघू दे.

तुझा,
धाकटं पिंप

*

दि. १२ जुलै

चि. धाकट्या पिंपास,
अ. आ., यावेळी राग शिल्लक नाही, शोधून बघितला.

फोटो आरशाशेजारी लावलाय. साहेबासारखाच दिसतोस.

काल दुपारी काका आले. दारात उभे राहिले नाहीत, आत आले. दुकानात दोन बायका माप द्यायला आल्या होत्या. चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाले, यात जुनी पॅन्ट कुठे आहे? मी म्हणाले, नीट बघा, तीच आहे. बराच वेळ बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, माझ्या सगळ्या पॅन्ट कमरेत होत नाहीत, बाजारात मापाची मिळत नाही, शिवून देशील का?

मी टेप गळ्यातून काढला आणि म्हणाले, उभे राहा काका. पोट आत ओढायला लागले. मी म्हणाले, ओढू नका, सोडा. त्या दोघी बघत होत्या. मी माप घेतलं, कागदावर लिहिलं, कागद दुमडला.

आकडा मोठ्याने वाचला नाही.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा आपण दोघं रस्त्याने जाऊ, हात पसरून. जागा तेवढीच लागेल. लोभ आहेच, त्याचं माप मागू नकोस.

तुझी,
मोठं पिंप