एकोणतीसचा पाढा

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही, हे आईचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणून हे पत्र.

आधी आभार मानते, मग चिडवते. नवरा-नवरीचे फोटो दाखवल्याशिवाय लग्नाचं काम कुणी देत नाही आणि लग्नाचं काम मिळाल्याशिवाय नवरा-नवरीचे फोटो मिळत नाहीत. या कात्रीत अडकून मी आजवर पासपोर्टचे फोटोच काढत बसले होते. तू दुकानातून रजा काढून आलीस, भाड्याच्या पोशाखात जागोजागी पिना टोचून घेतल्यास. नवरा म्हणून ठरवलेला माझा मित्र ऐनवेळी अक्कलदाढ दुखते म्हणून गाल धरून घरी बसला (दाढ आली, अक्कल यायची आहे). मग स्टुडिओसमोरच्या फ्रेमवाल्यांना बोहल्यावर चढवलं, तेव्हाही तू हूं की चूं केलं नाहीस. उलट त्यांच्या चष्म्याची वाकडी काडी सरळ करून दिलीस. तू चष्म्यांच्या फ्रेमवाली आणि ते फोटोंचे फ्रेमवाले, असा जोडा मला शोधूनही सापडला नसता.

आता ऐक. खिडकीजवळचा तो फोटो आठवतो? ते तुझ्या कानाशी वाकलेत आणि तू मान मागे टाकून हसते आहेस, तो. माझ्या पोर्टफोलिओचं ते पहिलं पान आहे. जो तो वही उघडतो आणि तिथेच थांबतो. दोन लग्नांची कामं मिळाली. शिवाय मोठ्या हॉलचे मालक म्हणतात की हाच फोटो त्यांच्या दारात लावू आणि येत्या हंगामातली सगळी लग्नं तुम्हीच करा. माझी युक्ती कशी लागू पडली बघ! कानात काय म्हणायचं ते मी त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं.

फोटोची मोठी प्रत फ्रेम करायला अर्थातच समोर दिली. काम सुरेख झालं, पण नवरदेव झाल्यापासून स्वारी भाव खाते आहे. फ्रेम टेबलावर ठेवली आणि चहाला न थांबता गेले. पूर्वी कपातला तळ दिसेपर्यंत हलायचे नाहीत. एक प्रत आईसाठी सोबत पाठवते आहे.

आईला नमस्कार. रागव, पण लोभाचं माप भरलेलंच असू दे.

तुझी,
धाकटी

---

२० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाला. कामं मिळाली हे वाचून आईने दोनदा चष्मा पुसला. हॉलचं काम मिळालं तर स्टुडिओची गळकी भिंत आधी दुरुस्त करून घे. मग नवा कॅमेरा.

आता रागवते. तू लहानपणापासून लोकांना काहीबाही पढवून मला चिडवत आली आहेस, ते मी चालवून घेतलं. पण या वेळी जे वाक्य त्या भल्या माणसाच्या तोंडी घातलंस, ते घालायला नको होतंस. चाळिशी उलटलेल्या बाईची अशी चेष्टा करू नये गं. "हे कपडे परत करायच्या आधी एक विचारू? हे सगळं खरं केलं तर तुम्हाला चालेल का?" हे असलं तुला सुचतं तरी कसं? आणि त्यांनी म्हटलंही असं, की एखादीला खरंच वाटावं. चांगले नट आहेत.

मी हसले, कारण मला वाटलं तू कॅमेऱ्यामागून बघत असशील आणि मी गंभीर झाले तर जन्मभर सांगत सुटशील. हसले आणि हसतच राहिले. तू "वा, ताई, वा!" म्हणत होतीस. घरी आल्यावर दोन दिवस मात्र काही गोड लागलं नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाला उजव्या डोळ्याची काच डाव्याला बसवून दिली. हे तुला सांगणार नव्हते, पण तू पत्रात अभिमानाने "पढवून ठेवलं होतं" लिहिलंस म्हणून सांगते.

फोटो आईने स्वतःच्या उशाशी ठेवला आहे. शेजारच्या काकू येतात तेव्हा उशीखाली सरकवते. परवा मला एवढंच विचारलं, की हे खरं नाही ना? मी नाही म्हटलं. बरं, म्हणाली आणि कुशीवर वळली. तू फोटो काढून मोकळी होतेस, निस्तरावं मला लागतं.

एवढं पुरे. वेळेवर जेवत जा. मी बोलते म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी,
ताई

---

२६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

ताई, ते वाक्य मी पढवलं नव्हतं. आईशपथ नव्हतं. मित्रमैत्रिणींचे फोटो काढताना मी नेहमी एकच गोष्ट सांगते, की शेजारच्याच्या कानात एकोणतीसचा पाढा म्हणा. तो कुणालाच येत नाही. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नपर्यंत गाडी जाते, मग माणूस अडखळतो, ऐकणाऱ्याला हसू फुटतं आणि मला फोटो मिळतो. फ्रेमवाल्यांनाही मी पाढाच सांगितला होता. त्यापुढचं जे काही ते म्हणाले, ते त्यांचं स्वतःचं होतं.

म्हणजे एका माणसाने तुला खरोखर मागणी घातली. त्याच्या तोंडावर तू हसलीस, आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडत होते की अजून थोडं हस, मान आणखी मागे टाक. नवरदेव, हलू नका म्हणून त्यांनाही दरडावलं. ते हलले नाहीत. बिचारे तसेच वाकून उभे राहिले.

आणखी एक सांगायचं आहे. ते न सांगता हे पाकीट बंद केलं तर मला झोप लागणार नाही. पाढा म्हणणाऱ्याचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. यांचा चेहरा तसा नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, डोळे मिटलेले होते. काहीतरी खरं चाललंय हे मला काचेतून दिसलं होतं. काय ते कळलं नाही, पण खरं आहे एवढं कळलं, आणि म्हणूनच मी बटणावरचं बोट उचललं नाही. असा फोटो पुन्हा मिळणार नाही, हाच विचार तेव्हा डोक्यात होता. बहीण म्हणून मी कॅमेरा खाली ठेवायला हवा होता.

वर तोच फोटो मी त्यांच्याकडेच फ्रेम करायला दिला. त्यांनी त्याला पुठ्ठा कापला, काच बसवली, बोटांचे ठसे पुसले. आणि मी तुला लिहिलं की स्वारी भाव खाते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

फोटो स्टुडिओतून काढला आहे. पोर्टफोलिओचं पहिलं पान कोरं आहे. हॉलच्या मालकांना आज नकार कळवला. ते म्हणाले, मग दुसरा फोटोग्राफर बघतो. बघोत. उद्या समोर जाऊन फ्रेमवाल्यांना सगळं सांगणार आहे. तुझं काय म्हणणं आहे ते लगेच कळव, पण मला दम निघेल असं वाटत नाही.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तो माझ्याच कर्माने. उरला असेल तेवढा राखून ठेव.

तुझी अपराधी,
धाकटी

---

३० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कुठेही जायचं नाही. चहापेक्षा किटली गरम, अशी तुझी गत आहे. ज्यांना बोलायचं ते बोलतील, नाहीतर नाही बोलणार, पण मधे तू नको. काय सांगशील त्यांना? ताई चुकून हसली म्हणून? मग ते विचारतील, चुकून हसल्या नसत्या तर काय म्हणाल्या असत्या? त्याचं उत्तर माझ्याजवळही नाही, तू कुठून देणार?

तुझं पत्र आल्यापासून मी आरशात बघायचं टाळते आहे. दुकानात सगळीकडे आरसेच, त्यामुळे पंचाईत. समोरचा माणूस जीव गोळा करून विचारतो आणि आपण खदाखदा हसतो, ही काही साधी गोष्ट नाही. तू फोटोच काढलास. हसले तर मी ना?

हॉलचं काम सोडलंस ते मला विचारून सोडायला हवं होतंस. पण असो. आईला यातलं काही बोलू नकोस.

माया आहेच. तूर्त ती कपाळावर आठ्या घालून बसली आहे.

ताई

---

३१ जानेवारी

सा. न. वि. वि.

वर मायना लिहिला नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तुमची बहीण तुम्हाला ताई म्हणते, म्हणून इथली सगळी गल्ली तुम्हाला ताईच म्हणते. दुसरं कुठलंच नाव माझ्या कानावर आलेलं नाही. तो शब्द मला लिहिता येत नाही. लिहिला तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही, हे तुमच्या ध्यानात येईल. म्हणून जागा कोरी ठेवली आहे.

तुमच्या बहीणबाई चार दिवसांपूर्वी दुकानात आल्या आणि स्टुलावर बसून रडल्या. गिऱ्हाइकाला वाटलं, माझ्याकडून काच फुटून त्यांना लागली. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझी माफी मागितली. तुमचा पत्ता मी मागून घेतला, त्याबद्दल त्यांच्यावर रागावू नये.

माफी खरं तर मी मागायची. अशी गोष्ट कॅमेऱ्यासमोर, भाड्याच्या कोटात, कुणी विचारतं का? पाढा मी प्रामाणिकपणे सुरू केला होता. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी मला येतंही. पण तुम्ही थोड्याच वेळापूर्वी माझा चष्मा नीट करून स्वतःच्या हाताने कानांवर बसवून पाहिला होता, घट्ट होतोय का म्हणून विचारलं होतं. इतक्या जवळून मला असं कुणी काही विचारल्याला पुष्कळ वर्षं झाली. ते आठवलं आणि पाढा सुटला.

तुम्ही हसलात तेव्हा वाटलं, उत्तर मिळालं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. फोटो फ्रेम करताना मात्र तुम्ही हसताय आणि मी वाकलोय, हे बघवेना, म्हणून त्यावर कागद पसरून काम केलं. आता कळतं की तुम्हाला ती चेष्टा वाटली. म्हणजे मीही तुम्हाला दुखावलंच.

पुन्हा विचारायचं धाडस माझ्यात नाही. पहिल्यांदा विचारायलाच सेहेचाळीस वर्षं लागली. पण तुम्हाला चालणार असेल तर येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तिकडे येईन आणि जे काही असेल ते तुमच्या तोंडून ऐकेन. नको असेल तर उत्तर पाठवू नये, मी समजेन.

आपल्या मातोश्रींस नमस्कार. पत्र वाचण्याइतका लोभ ठेवलात तरी पुष्कळ.

आपला,
फ्रेमवाला

---

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाऊ नकोस असं मी लिहीत होते, तोवर तू जाऊन, रडून, पत्ता देऊन मोकळी झाली होतीस! तुला काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं पत्र आलं. मी ते काउंटरमागे उभी राहून वाचलं आणि मग मालकांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली.

तू सगळं पाप आपल्या डोक्यावर घेऊन बसली आहेस, तर थोडं खाली उतरव. कॅमेरा खाली ठेवायला हवा होतास, हे खरं आहे. ते मी नाही म्हणणार नाही आणि तूही विसरू नकोस. पण हसण्याचं सांगते. कुणीतरी कानाशी वाकून असं विचारतो आणि माझ्या मनात पहिला विचार येतो, की हे धाकटीने पढवलं असणार. आपणहून कुणी मला असं विचारेल, हे मनाला शिवलंच नाही. ही गोष्ट तू केलेली नाहीस. ती मी वर्षानुवर्षं स्वतःला पढवत आले. त्या माणसाची मी जितकी अपराधी आहे, तितकीच स्वतःचीही आहे, हे मला या आठवड्यात कळलं.

मी उत्तर पाठवलं आहे. यावं, एवढंच लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. घरात कुणी हाक मारत नाही ते. लिहिताना दुसऱ्याच कुणाचं लिहिते आहे असं वाटलं. आईला सांगितलं. संध्याकाळी काकू आल्या तेव्हा तिने फोटो उशीखाली सरकवला नाही. काय होईल ते मला ठाऊक नाही. मी हो म्हणेन की नाही, हेही अजून ठाऊक नाही. भीती मात्र फार वाटते.

तू ये. ते रविवारी येतील, तू शनिवारीच ये. आणि या वेळी कॅमेरा आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये, माझा हात धरायला कुणीतरी हवं आहे.

तुझीच,
ताई